इनटेक मॅनिफोल्डचं पोर्टिंग घरच्या घरी: काम दोन टोकांचं, मधल्या नळीचं नाही

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा सांगाडा, आणि पोर्टिंग म्हणजे त्या वाटेतला अडथळा घासून कमी करणं. पोर्टिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र येतं: ग्राइंडर घ्यायचा, नळ्या आतून मोठ्या करायच्या आणि आरसा दिसेपर्यंत पॉलिश करायच्या. यातल्या मोठ्या करण्याने गाडीचा खालचा पिकअप जातो आणि आरशासारख्या पॉलिशने हाताला फोड येण्यापलीकडे फारसं काही घडत नाही. मॅनिफोल्डमधून हवा अडते ती मुख्यतः दोन ठिकाणी. प्लेनममधून, म्हणजे हवेच्या सामाईक पेटीतून, नळीत शिरताना जी कडा असते ती पहिली जागा. मॅनिफोल्ड जिथे हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या डोक्यावर बसणाऱ्या भागाला, येऊन टेकतो तो सांधा दुसरी. घरी बसून जे पदरात पडतं ते या दोन जागी. मधल्या नळीला शक्यतो हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडा हिशेब करू. १.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन धरा. एका सिलिंडरचे ३७५ सीसी, ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा हवा ओढली जाते. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतो असं मानलं तर एका नळीतून मिनिटाला ११२५ लिटर हवा जाते. पण इनटेक व्हॉल्व्ह सगळा वेळ उघडा नसतो. ७२० अंशांच्या चक्रात तो साधारण २४० अंश, म्हणजे एक तृतीयांश वेळ उघडा असतो. तेवढ्या वेळात ३६ मिमी व्यासाच्या नळीतून हवा सरासरी सेकंदाला ५५ मीटर वेगाने धावते. हीच नळी ३८ मिमीची केली तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं आणि वेग ५० मीटरच्या आसपास येतो. कमी आरपीएमला हाच वेग सिलिंडर नीट भरायला मदत करतो. व्यासात २ मिमी म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त १ मिमी. बर (ग्राइंडरला लावायचं दातेरी कापणारं टोक) हातात असली की १ मिमी कधी गेला ते कळतही नाही.

घासण्यासारखं काही आहे का?

मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, म्हणजे काळ्या प्लास्टिकचा असेल तर विषय जवळपास संपला. त्याच्या भिंती पातळ असतात, दोन भाग कंपनाने वितळवून जोडलेले असतात आणि आतला पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असतो. साच्याच्या जोडावर कुठे प्लास्टिकची धार उभी असेल तर ती सुरीने खरवडा आणि तेवढ्यावर थांबा. हा लेख ओतीव अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डसाठी आहे. काही मॅनिफोल्ड मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. वजनाला फारच हलका वाटला तर धातू कुठला ते सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा ओतकामावरच्या खुणेवरून खात्री करून घ्या. मॅग्नेशियमचा कीस भडकतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग वाढते, त्यामुळे तो घरी घासू नये.

हवा मॅनिफोल्डच्या आधीच अडत असेल तर इथे घासून उपयोग नाही. मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत हे स्कॅनरवर बघता येतं. इंजिन बंद असताना चावी ऑन करून वातावरणाचा दाब वाचा. मग मोकळ्या, सुरक्षित जागी किंवा डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला मॅनिफोल्डचा दाब वाचा. टर्बो नसलेल्या इंजिनात हे दोन आकडे १-२ किलोपास्कलच्या फरकात असतील तर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत रस्ता मोकळा आहे. फरक बराच जास्त असेल तर आधी फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल तपासा. एक लक्षात घ्या, हा सेन्सर सहसा प्लेनममधला दाब सांगतो. पुढे नळी आणि हेडच्या सांध्यात काय होतंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवूनच बघावं लागतं.

उतरवल्यावर जुनं पॅकिंग लगेच फेकू नका, ते बरंच काही सांगतं. त्याच्या दोन्ही बाजूंना काजळी आणि तेलाचे डाग उमटलेले असतात. एका बाजूचं भोक दुसऱ्या बाजूच्या भोकाच्या तुलनेत किती सरकलंय ते या डागांवरून चक्क मोजता येतं. सगळ्या नळ्यांची भोकं हेडच्या भोकांशी व्यवस्थित जुळत असतील तर सांध्यावरचं काम टाळून फक्त आतल्या ओतकामाच्या रेघा काढा.

हत्यारं

व्हेरिएबल स्पीडचा इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर या कामाला सगळ्यात सोयीचा. हवेवर चालणारा हलका असतो, पण त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो. ३ मिमी शँकचा (पकडीत बसणाऱ्या दांड्याचा) छोटा रोटरी टूल कडा मोडायला ठीक, पूर्ण काम त्यावर काढायचं तर चिकाटीची परीक्षा.

कार्बाइड बर घेताना अॅल्युमिनियमसाठी असलेली, मोठ्या आणि मोकळ्या दातांची घ्या. लोखंडासाठीची बारीक, आडवे-उभे दात असलेली डबल कट बर अॅल्युमिनियममध्ये काही क्षणांत भरून जाते आणि मग कापायचं सोडून नुसती घासत बसते. अंडाकृती आणि गोल टोकाची दंडगोल अशा दोन आकारांत बहुतेक काम होतं. खोल जागेसाठी १५० मिमी लांब शँकची बर मिळते, पण ती हवेत मोकळी असताना पूर्ण वेगात कधीही फिरवू नका. लांब शँक वाकते, लगाम सुटल्यासारखी झोडपते आणि मोडून उडू शकते. आधी कामाला टेकवायची, मग वेग हळूहळू वाढवायचा. बरीवर लिहिलेली कमाल वेगाची मर्यादा ओलांडू नका.

याशिवाय ६०, ८० आणि १२० नंबरचे सँडिंग रोल, टोकाला चीर पाडलेला रॉड आणि त्यात अडकवायला एमरी कापडाच्या पट्ट्या, व्हर्नियर कॅलिपर, आतला व्यास मोजायचा टेलिस्कोपिक गेज, स्क्रायबर, मार्किंगची निळी शाई किंवा जाड मार्कर, फिलर गेज, सरळ धारेची पट्टी, टॉर्क रेंच. बरीला लावायला मेण किंवा डब्ल्यूडी-४० सारखं हलकं तेल. पेट्रोल किंवा थिनर मात्र अजिबात नको.

डोळ्यांना गॉगल आणि त्यावर पूर्ण चेहऱ्याची शील्ड, दोन्ही वापरा. अॅल्युमिनियमचा कीस सुईसारखा असतो आणि तो गॉगलच्या खालून आत येतो. धुळीसाठी मास्क लावा, सैल बाह्या आणि सैल हातमोजे टाळा. लोखंड घासलेल्या जागी अॅल्युमिनियमची धूळ साचू देऊ नका. दोन्हींचा बारीक चुरा एकत्र येऊन ठिणगी पडली तर प्रकरण गंभीर होतं.

उतरवणं

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, पण त्याआधी इंधनाचा दाब सोडा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. काही मॅनिफोल्डमधून कूलंटही वाहतो. तसं असेल तर तो आधी काढावा लागतो. प्रत्येक होजला चिठ्ठी लावा आणि सगळ्या कोनांतून फोटो काढा. नट-बोल्ट बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे थोडे थोडे सैल करा. मॅनिफोल्ड निघाला की त्याच क्षणी हेडची भोकं स्वच्छ कापडाने आणि टेपने बंद करा. एखादा वॉशर आत गेला तर हेडच काढायची वेळ येऊ शकते. ग्राइंडिंग कधीही गाडीजवळ करायचं नाही, मॅनिफोल्ड वेगळ्या जागी नेऊनच.

इंजेक्टर, सेन्सर, थ्रॉटल बॉडी, नळीत फडकणारे फ्लॅप असतील तर ते आणि त्यांचे शाफ्ट, सगळं उतरवून ठेवा. नुसता रिकामा ओतीव सांगाडा हातात राहिला पाहिजे.

आखणी: निम्मं काम इथेच आहे

सर्रास दिला जाणारा सल्ला असा की नवीन पॅकिंग मॅनिफोल्डवर ठेवा, भोकाची रेघ आखा आणि तिथपर्यंत घासा. हा सल्ला अर्धवट आहे. अनेक पॅकिंगांची भोकं मॅनिफोल्ड आणि हेड या दोन्हींपेक्षा मोठी असतात. तुम्ही मॅनिफोल्ड पॅकिंगएवढा केलात आणि हेड तसंच राहिलं, तर येणारी हवा थेट हेडच्या उभ्या कडेवर आपटेल. म्हणजे आधीपेक्षा वाईट अवस्था. मोजमाप घ्यायचं ते हेडच्या भोकाचं. पॅकिंग फक्त मध्यस्थ.

हेडचा आकार मॅनिफोल्डवर आणायचा तर पातळ, कडक प्लास्टिक किंवा जाड पुठ्ठ्याचा साचा करा. साचा हेडच्या स्टडांवर घट्ट बसेल अशी भोकं त्याला पाडा आणि बोटाने दाबून हेडच्या भोकाची कड त्यावर उमटवा. मग धारदार ब्लेडने ती आकृती कापा. एकच मोठा साचा सगळ्या नळ्यांसाठी करा, वेगवेगळे चार नको. नळ्यांचं एकमेकांतलं अंतरही त्यामुळे बरोबर उतरतं.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. मॅनिफोल्डची बोल्टची भोकं बोल्टपेक्षा सैल असतात, म्हणजे बसवताना मॅनिफोल्ड थोडा वर-खाली किंवा आडवा सरकू शकतो. तुम्ही कितीही काटेकोर आखणी केलीत तरी बसवताना तो सरकला तर सांधा पुन्हा बिघडला. लोकेटिंग डॉवेल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, असतील तर चिंता नाही. नसतील तर टोकाच्या दोन भोकांत घट्ट बसणाऱ्या बुशी बसवा, किंवा मॅनिफोल्ड वजनाने ज्या बाजूला टेकतो त्याच बाजूला टेकवून आखणी करा आणि बसवतानाही तसाच टेकवा.

फ्लँजच्या, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट भागाच्या, चेहऱ्यावर शाई लावा, साचा बोल्टने पक्का करा आणि स्क्रायबरने एकच ठळक रेघ ओढा. मार्करची रेघ जाड असते, तिच्या आत घासायचं की बाहेर हा घोळ होतो. साचा काढल्यावर प्रत्येक नळीत रेघ आणि मूळ कड यांतलं अंतर चारही बाजूंनी कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. एका नळीत डावीकडे १.५ मिमी आणि उजवीकडे काहीच नाही, असं चित्र दिसलं तर समजा की इथे मोठं करायचं नसून नुसतं सरकवायचंय. ओतकामात नळीचा गाभा थोडा हलला की असं होतं आणि कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ते नवलाचं नाही.

हेडचं भोक मॅनिफोल्डच्या भोकापेक्षा सगळीकडून अर्धा मिमी मोठं असेल तर ते तसंच राहू द्या. वाहत्या हवेला बाहेरच्या बाजूला उघडणारी पायरी फारशी खुपत नाही, समोर उभी राहणारी पायरी खुपते. उलट ही छोटी पायरी सिलिंडरमधून मागे येणाऱ्या हवेला थोडी अडवते. त्यामुळे घासताना रेघेच्या आत सुमारे अर्धा मिमी थांबलेलं चांगलं, रेघ ओलांडलेली मात्र चालणार नाही.

भिंतीची जाडीही आत्ताच बघा. फ्लँजपाशी धातू भरपूर दिसतो, पण बोल्टची भोकं, इंजेक्टरची जागा आणि कूलंटचा मार्ग कुठे जवळ येतात ते बाहेरून बोट फिरवून आणि कॅलिपरने तपासा. घासून झाल्यावर कुठेही ३ मिमीपेक्षा कमी भिंत उरू नये, असा नियम ठेवा. पातळ भिंतीला पुढे तडा गेला तर तिथून बिनमोजलेली हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

घासणं

मॅनिफोल्ड व्हाइसमध्ये लाकडाच्या फळ्यांमध्ये हलका पकडा. फ्लँजच्या उरलेल्या चेहऱ्यावर जाड टेपचे दोन-तीन थर किंवा पातळ पत्रा लावा. बर एकदा तरी निसटते आणि त्या चेहऱ्यावर एक खोल ओरखडा पडला तर पॅकिंग तिथे बसणार नाही.

बरीला मेण लावा, मध्यम वेग ठेवा आणि हलका दाब द्या. बर चाकासारखी ज्या बाजूला पळू पाहते तिच्या उलट दिशेने तिला न्यायचं, म्हणजे ती ताब्यात राहते. हात सतत फिरता ठेवा. एका जागी क्षणभर थांबलात की वाटीसारखा खड्डा पडतो, आणि तो काढायला आजूबाजूचं सगळं खाली आणावं लागतं. बर नीट कापत असेल तर आवाज सलग येतो आणि कीस सुटा उडतो. आवाज चिरका झाला, बर नाचू लागली किंवा दातांत चकचकीत धातू चिकटलेला दिसला तर थांबा. बर स्वच्छ करा, पुन्हा मेण लावा.

आधी सगळ्या नळ्यांची कड रेघेच्या जवळ आणा, मगच आतला उतार द्या. एक नळी पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर चौथीपर्यंत तुमचा हात बदललेला असतो आणि चारही वेगळ्या होतात. कड रेघेशी आल्यावर तो नवा आकार मूळ नळीत ३० ते ४० मिमी आतपर्यंत विरघळवायचा. १ मिमी जागा ३० मिमी लांबीत उघडली तर भिंतीचा कोन सुमारे २ अंशांचा होतो. हे ठीक आहे. दोन्ही भिंतींमधला एकूण कोन साधारण ७ अंशांच्या पुढे गेला की हवा भिंत सोडून भोवरे करू लागते. पाच मिलिमीटरमध्ये घाईघाईने काढलेला उतार म्हणून निरुपयोगी.

तर्जनीचं नख नळीत आतून बाहेर ओढत न्या. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते. सगळीकडून, विशेषतः कोपऱ्यांत, नख न अडखळता बाहेर आलं पाहिजे.

वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे नळी आखूड वळण घेते, फार सांभाळून. हवा तिथेच भिंत सोडते. तिथे धातू काढून वळण अधिक तीक्ष्ण केलंत तर प्रवाह घटतो. ओतकामाची रेघ किंवा गाठ असेल ती तेवढी काढा. बाहेरच्या मोठ्या वळणावर थोडं जास्त घासलं गेलं तरी नुकसान कमी.

इंजेक्टर जिथून फवारतो ती खाच मुद्दाम ठेवलेली असते, ती बुजवू किंवा रुंद करू नका. तिची फक्त तीक्ष्ण धार मोडा. ओ-रिंग बसते त्या जागेला अजिबात स्पर्श नको. कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमध्ये प्लेनमच्या तळाला कधी उंचवटे किंवा खाचा असतात. साचलेलं पेट्रोल पसरवण्यासाठी त्या असतात, ओतकामाचा दोष समजून सपाट करू नका.

आता दुसरं टोक, नळीचं तोंड. प्लेनम उघडता येत असेल तर माझ्या मते इथे सगळ्यात कमी कष्टात जास्त मिळतं. पेटीतून नळीत शिरताना कड धारदार असेल तर प्रवेशाचा तोटा गुणांक सुमारे ०.५ असतो. तीच कड नळीच्या व्यासाच्या ०.१५ पट त्रिज्येने गोल केली तर तो ०.०४ च्या आसपास उतरतो. ३६ मिमीच्या नळीला ही त्रिज्या साडेपाच मिमीची होते. तेवढा धातू नसेल तर २-३ मिमीची गोलाईही बरीच मदत करते. पण गोल करताना नळीची लांबी कमी करू नका, टॉर्क कुठल्या आरपीएमला चढतो हे त्या लांबीवर ठरलेलं असतं. प्लेनम एकसंध ओतलेला असेल आणि हात पोहोचत नसेल तर हे टोक सोडून द्या. आंधळेपणाने लांब बर आत घालून काहीही करू नये. अशा मॅनिफोल्डसाठी दाबाने आतून अपघर्षक लगदा ढकलायची पद्धत असते, पण ती यंत्रांची कामं, घरची नव्हेत.

थ्रॉटल बॉडी जिथे बसते तिथेही सांधा जुळवून घ्या. थ्रॉटलच्या बोअरला मात्र हात लावायचा नाही. थ्रॉटलची फिरती पाकळी (बटरफ्लाय) आणि भिंत यांतल्या फटीवर आयडलिंग अवलंबून असतं.

फिनिश

६०, मग ८० नंबरच्या रोलने बरीच्या खुणा काढा. वेग बरीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर रोल फाटतो. इंजेक्टर किंवा कार्बोरेटरचं पेट्रोल ज्या भागातून जातं तिथे ८० ते १२० वर थांबा. थोडा खरखरीत पृष्ठभाग पेट्रोलचे थेंब एकत्र येऊन धारा व्हायला अटकाव करतो. फक्त कोरडी हवा जाते तिथे १२० च्या पुढे गेलात तर चांगलं दिसेल, एवढंच.

प्रत्येक नळीचा व्यास दोन दिशांनी मोजा आणि आधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. नळ्या सारख्या झाल्यात का ते पाण्यानेही बघता येतं: फ्लँजकडून तोंड बंद करून मोठ्या सिरिंजने पाणी भरायचं आणि किती मिली बसलं ते लिहायचं. मूळ नळ्यांची लांबीच वेगवेगळी असेल तर अर्थातच आकडे वेगळे येतील.

धुणं

या भागात आळस म्हणजे इंजिनचं नुकसान. अॅल्युमिनियमचा एक तुकडा सिलिंडरमध्ये गेला की भिंतीवर चरे पडतात. गरम पाणी आणि भांड्यांचं डिटर्जंट, बाटली धुवायचे लांब ब्रश, मग कॉम्प्रेस्ड हवा, मग पुन्हा सगळं एकदा. व्हॅक्यूमची छोटी भोकं, ईजीआर (धुराचा काही भाग परत आत आणणारा) आणि पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ परत आणणारा) यांचे मार्ग, बोल्टची आंधळी भोकं, कीस दडून बसायच्या जागा याच. मॅनिफोल्ड उलटा करून रबरी हातोडीने बाहेरून ठोका आणि पुन्हा हवा मारा. शेवटी पांढरं कापड रॉडला गुंडाळून प्रत्येक नळीतून ओढा. कापडावर चमक दिसली तर धुणं पुन्हा सुरू.

बसवणं आणि तपासणी

फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने सपाटपणा बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बऱ्याच इंजिनांत ०.१ मिमीच्या आसपास. नवीन पॅकिंग घ्या. कंपनीने सांगितलं नसेल तर सिलिकॉन सीलंट लावू नका, दाबून बाहेर आलेला सीलंट पुन्हा नळीत पायरी तयार करतो. पॅकिंगचं भोक नळीत डोकावतंय का ते बसवण्याआधी बघून घ्या. इंजेक्टरच्या ओ-रिंगा नवीन, थोडं इंजिन ऑइल लावून. हेडमधलं कापड आणि टेप काढली याची दोनदा खात्री करा. नट मध्यापासून बाहेरच्या टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

चावी एक-दोनदा ऑन करून इंधनाचा दाब येऊ द्या आणि कुठे पाझर आहे का ते बघा. मगच स्टार्टर. आयडलिंग वर-खाली होत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर सांध्यातून हवा शिरतेय. धूर सोडून तपासणं हा सुरक्षित मार्ग. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची सवय धोक्याची आहे. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती, बघा. आयडलिंगला ट्रिम १० टक्क्यांहून जास्त अधिक दिशेला आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल तर गळतीचाच संशय घ्या.

मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत संगणक येणारी हवा स्वतः मोजतो, त्यामुळे छोटा बदल सांभाळून घेतो. फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हवेचा हिशेब आधी भरलेल्या तक्त्यावरून होतो. पूर्ण थ्रॉटलला बंद चक्रातली (ऑक्सिजन सेन्सर बघून आपोआप होणारी) दुरुस्ती सहसा चालू नसते, म्हणून वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होत नाही ना ते वाइडबँड सेन्सरने (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणाऱ्या) बघून घ्या आणि गरज पडली तर मॅपिंग करून घ्या. गाडी वॉरंटीत असेल किंवा उत्सर्जन चाचणीला जायची असेल तर तिथले नियम आधीच वाचलेले बरे.

फरक मोजायचा तर त्याच डायनोवर, आधी आणि नंतर. सांधा मुळात बराच बिघडलेला असेल तर वरच्या आरपीएमला फरक दिसतो. मूळचाच बरा असेल तर आकडा जवळपास तिथेच राहील, कारण हवा आता हेडच्या पोर्टपाशी आणि व्हॉल्व्हपाशी अडतेय. हेडचा साचा आणि नळ्यांचे आकडे लिहिलेला कागद फेकू नका. पुढे कधी हेड उघडलं तर तिथल्या कामाची सुरुवात त्याच साच्यावरून करता येईल.